तिपेडी तार

४ नोव्हेंबर

ओव्हन आला. चौघांनी मिळून उचलून पुढच्या खोलीत ठेवला. बंद पडलेल्या एका बेकरीतला आहे, जुना पण दणकट, दोन कप्प्यांचा. पिठाच्या दुकानदाराने आनंदाने ही डायरी भेट दिली, वर त्याच्याच दुकानाचा फोटो. "धंदा सुरू केलास की रोजचं लिहून ठेवत जा," असं हे म्हणाले. स्वतः कधी सामानाची यादीसुद्धा लिहीत नाहीत. फिरतीची नोकरी, रविवारी घरी यायचं, सल्ले द्यायचे आणि सोमवारी बॅग उचलायची.

पहिले पाव आत सरकवले, ओव्हनचा लाल दिवा लागला, मी हात जोडले आणि फट्! सगळं बंद.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "गेली ना वीज? मी म्हटलंच होतं."

त्यांनी आधी म्हटलं नव्हतं अशी गोष्ट या घरात अजून घडायची आहे. सकाळी दूध पातळ, दुपारी पंखा कुरकुरतो, संध्याकाळी शेजारीण दार आपटते. मी मनातल्या मनात त्यांना भोंगा म्हणते. भोंगा वेळेवर वाजला नाही तर उलट मलाच चुकल्यासारखं होईल.

५ नोव्हेंबर

वायरमन येऊन गेला. ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. तो बोलायला लागला की त्याचाच फ्यूज काढून ठेवावासा वाटतो. बोर्ड आहे पॅसेजमध्ये, सासूबाईंच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर. त्याने फ्यूजचा पांढरा ठोकळा ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. आत काळा डाग आणि तुटलेल्या तारेची दोन टोकं.

"वहिनी, ही तार मरायलाच बसवलेली असते," तो म्हणाला. "तांब्याची आहे, वरून कथलाची कल्हई, भांड्यांना करतात ना, तशी. मुद्दाम बारीक घ्यायची. झेपेल तेवढी वीज गेली तर गप्प बसते. जास्त जायला लागली की तापते, वितळते, तुटते. ती मेली की भिंतीतल्या वायरी वाचतात."

"आणि ठोकळा चिनी मातीचाच का?"

"कारण तो पेटत नाही आणि त्याच्यातून वीज जात नाही. मोठ्या कारखान्यांत तर चांदीची पट्टी असते, बंद नळीत, आणि नळीत बारीक वाळू भरलेली. पट्टी वितळली की ठिणगी वाळूतच गुदमरते. तुमचं आपलं साधं काम आहे."

मग भिंतीवर थापट्या मारत म्हणाला, "उडाला ते बरंच झालं म्हणा. आतली वायर दोन दिवे आणि एका पंख्यापुरती आहे. मध्ये कुठेतरी जुना जोडही आहे. ओव्हनला वेगळी जाड लाइन ओढायला हवी. भिंत फोडावी लागेल. आठवडाभराचं काम."

आठवडाभर! शाळेच्या कॅन्टीनची रोजची ऑर्डर सोमवारपासून सुरू. दुकान उघडायच्या आधीच टाळं लावायचं म्हणजे झालंच. म्हटलं, शाळेला सुट्टी लागली की करू.

"तोवर दोन्ही कप्पे एकदम लावू नका," असं बजावून गेला. जाताना तारेचं छोटं रीळ दिलं आणि शिकवलं: मेन बंद करायचं, ठोकळा ओढायचा, तार घालायची. "एकच पदर हं, वहिनी."

९ नोव्हेंबर

सासूबाईंचे हात खांद्याच्या वर जात नाहीत, म्हणून सकाळी त्यांची वेणी मी घालते. उंदराच्या शेपटीएवढी राहिली आहे, पण तिपेडीच हवी, आणि घट्ट. आज वेणी घालता घालता ऐकून घेतलं: ओव्हनचा आवाज होतो, पिठाची धूळ उडते, आणि लग्नात मी सव्वा इंच बुटकी निघाले.

नवऱ्याच्या आईबद्दल असं लिहू नये, पण बाई शब्दाची पक्की आहे. एकदा पुतण्या सहज म्हणाला, "काकू, किती साखर लागते तुम्हाला!" त्या दिवसापासून चहात साखर नाही. पुतण्याला मुलं झाली, तो पाया पडला, पण साखर नाही ती नाहीच. समोरच्या बाई एकदा पायपुसण्यावरून काही बोलल्या, तर त्यांच्या घरात पाऊल नाही. त्या बाई वारल्या तेव्हाही ह्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या.

१३ नोव्हेंबर

फ्यूज दोनदा उडाला. दोन्ही वेळा पाव अर्धे कच्चे. पुन्हा भाजले तर वरून लाकूड, आतून चिखल. कॅन्टीनच्या बाईंनी एक पाव दाबून पाहिला, पुन्हा डब्यात ठेवला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एकाच कप्प्यावर एवढे पाव वेळेत होत नाहीत. वायरमनला काय जातंय सांगायला.

१४ नोव्हेंबर

आज पुन्हा. पीठ फुगून वर आलेलं, ओव्हन थंड. मी पॅसेजमध्ये स्टुलावर चढून रडले. खरं सांगते, रडले. हा धंदा नीट चालला नाही तर उरलेला जन्म ह्यांच्या बॅगा भरत आणि भोंगा ऐकत काढायचा, हे मला स्टुलावरून अगदी स्वच्छ दिसलं.

मग डोळे पुसले आणि रीळ हातात घेतलं. तार केसासारखी बारीक. एक पदर तुटतो, तर तीन घ्यावेत. तीन घेतले आणि हात आपोआप वळले. सकाळी घालते तशीच सुबक तिपेडी वेणी घातली, दोन्ही टोकं स्क्रूखाली दाबली. मेन चालू केलं. दोन्ही कप्पे लावले.

उडाला नाही!

१७ नोव्हेंबर

रविवार. हे आले, मी ठोकळा काढून दाखवला. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "तुझी कमाल आहे. अशीच एक तार आईलाही बसव, म्हणजे तिचाही फ्यूज उडायचा नाही." आम्ही दोघं पोट धरून हसलो. आतून आवाज आला, "कोणाला हसताय?"

सगळे पाव एकसारखे भाजले जातात आता. कॅन्टीनच्या बाईंनी ऑर्डर वाढवली.

२१ नोव्हेंबर

भोंग्याला नवीन विषय मिळाला. "घरात मासळी कोणी आणली?" आमच्या घरात मासळी येतच नाही. "मग वास कसला येतोय?" मी हुंगलं. मला पावाचाच वास येतो, झोपेतसुद्धा. शिवाय थंडीने नाक चोंदलंय. खोली झाडली, पलंगाखालचं सामान काढलं, मेलेला उंदीरही निघाला नाही. तरी दिवसभर तेच, वास येतोय, वास येतोय.

पुढच्या खोलीतला दिवा ओव्हन लावला की जरा मान टाकतो. वायरमन येईल तेव्हा दिवाही बदलून घेईन.

२६ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

कॅन्टीनच्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. शाळेत क्रीडामहोत्सव आहे, सगळ्या मुलांना पाव आणि केक आमच्याकडून घ्यायचे, असं त्यांच्या मनात होतं. मी त्यांना खुर्ची दिली, ताजा केक कापला. तेवढ्यात सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हाला येतोय का हो वास? या घरात काहीतरी सडलंय."

बाईंनी घास तसाच हातात धरला. मग "कळवते" म्हणून गेल्या.

मी आत जाऊन बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. "आयुष्यभर सगळ्यांच्या दुधात मीठ घातलंत, आता माझ्या घालताय. एक दिवस तरी तोंड मिटून बसा ना! हात जोडते, माझ्या ओव्हनबद्दल, पावाबद्दल, वासाबद्दल एक अक्षर काढू नका."

त्या पलंगावर बसल्या होत्या. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "बरं. नाही काढणार."

२७ नोव्हेंबर

सकाळी कंगवा घेऊन गेले, तर केस आधीच कसेबसे गुंडाळून घेतलेले. चहा घेतला, कप ठेवला. एक शब्द नाही.

कॅन्टीनच्या बाईंचा निरोप आला, ऑर्डर पक्की. म्हणजे केक आवडला होता तर.

२ डिसेंबर

घर कसं शांत आहे! फ्यूज उडत नाही, भोंगा वाजत नाही. मधून मधून वाटतं, आपण फार बोललो. पण मग पाव मोजायला बसते आणि विसरते.

एक गंमत. सासूबाईंनी पलंग भिंतीला अगदी चिकटवून घेतलाय, बोर्डाच्या बाजूच्या. पाठ टेकून बसतात. मी हात लावून पाहिला तर भिंत कोमट! ओव्हनची ऊब येत असणार. एवढी वर्षं पाठदुखीला शेक, तेल, पट्टे सगळं झालं, आणि शेवटी माझा ओव्हन कामी आला. विचारलं, "बरं वाटतं का, आई?" त्यांनी मान हलवली. होय की नाही, कळलं नाही.

५ डिसेंबर

थंडीत पीठ फुगायला किती वेळ लागतो! आज डोकं चालवलं. पिठाचा टोप ओल्या फडक्याने झाकून सासूबाईंच्या खोलीत नेला आणि त्या भिंतीला टेकवून ठेवला. निम्म्या वेळात पीठ टोपाबाहेर. आता रोज तिथेच ठेवणार. टोपाला जागा म्हणून त्यांचा पलंग वीतभर सरकवला, तर काही म्हणाल्या नाहीत. नुसत्या टोपाकडे बघत होत्या, आणि मग माझ्याकडे.

७ डिसेंबर

रस्त्यात वायरमन भेटला. सायकलवरून एक पाय खाली टेकवून म्हणाला, "काय म्हणतोय फ्यूज?"

"एकदाही उडाला नाही!" मी म्हटलं.

नेहमीसारखा हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "एकदाही नाही? दोन्ही कप्पे लावता का?"

"लावते ना."

"तार कुठली घातलीत?"

"तुम्ही दिलेलीच." यात खोटं काही नाही. त्याच रिळाची आहे.

"मग उडायला हवा होता, वहिनी. ती तार एवढं सोसायची नाही. मी उद्या येऊन बघतो."

मी म्हटलं, "क्रीडामहोत्सव होऊन जाऊ दे, मग सावकाश या." आता येईल, भिंत उकरून ठेवेल आणि माझी ऑर्डर बुडेल. चांगलं चाललंय ते कोणाला बघवत नाही. "तोवर भिंतीला हात लावून बघत जा," असं काहीतरी म्हणत होता, पण मागून गाडी आली.

११ डिसेंबर

पिठाचा टोप भिंतीपासून लांब ठेवावा लागतोय. काल एका बाजूने पीठ शिजलंच.

सासूबाईंनी पलंग पार खोलीच्या मध्यावर ओढलाय. एकट्यांनी कसा ओढला कोण जाणे, पायांचे ओरखडे फरशीवर दिसतात. भिंतीवरच्या रंगाला हाताएवढा तपकिरी डाग पडलाय, पावाच्या पाठीसारखा. भिंतसुद्धा भाजली जातेय म्हटलं, आणि एकटीच हसले. बोर्डातून भुंग्यासारखा बारीक आवाज येतो. महोत्सव झाला की रंग काढून घ्यायचा, वायरमनलाही बोलवायचं, सगळं करायचं.

दुपारी त्या बादलीत टॉवेल भिजवताना दिसल्या. "अंग पुसायचंय का? मी पुसून देते," म्हटलं. त्यांनी टॉवेल पाठीमागे लपवला. आता हे नवीनच.

१४ डिसेंबर

महोत्सवाचा दिवस. पहाटेपासून उभी आहे. मैत्रिणीचा छोटा ओव्हनही आणून त्याच बोर्डावर जोडलाय. तो फ्यूज, शाबास! हूं की चूं नाही. शेवटची खेप आत आहे, तेवढ्यात पाय मोकळे करून चार ओळी लिहिते.

सासूबाई दोनदा दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही वेळा विचारलं, "काय हवंय, आई?" नुसत्या बघत राहिल्या आणि गेल्या. आता तिसऱ्यांदा आल्यात. केस मोकळे, हात ओले, काखेत उशी. मी म्हटलं, "अहो, तोंडाने सांगा ना काय ते! माझे हात पिठात आहेत." त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग मागे वळून आत गेल्या.

राग गेला नाही अजून. उद्या केक घेऊन समजूत काढीन, पाया पडीन.

दिवा फारच पिवळा झालाय, अक्षर दिसत नाही. उरलेलं नंतर लिहिते.

२० डिसेंबर

हॉस्पिटल. डायरी पिशवीत सापडली. अर्ध्या पानांना धुराचा वास आहे.

त्या आत गेल्या त्या भिंत विझवायला. मी धूर बघून धावले तेव्हा दोन्ही हातांनी ओला टॉवेल भिंतीला दाबून उभ्या होत्या. भिंतीवरची लाकडी पट्टी पेटलेली, पडदा पेटलेला, पडद्याचे पेटते तुकडे पलंगावर. खोलीत काही दिसत नव्हतं. मी त्यांना कमरेला धरून ओढलं, तर सोडेनात. तेवढा वेळ दिवे चालूच होते, ओव्हन चालूच होता, पाव भाजतच होते. शेवटी रस्त्यातल्या खांबावरचा फ्यूज उडाला तेव्हा घर अंधारलं.

दोन्ही तळवे भाजलेत. छातीत धूर गेलाय. डॉक्टर म्हणाले, वय बघता काही सांगता येत नाही. घशातून आवाज येईल की नाही तेही सांगता येत नाही.

हे दिवसभर बाकावर बसून असतात. मी सगळं सांगितलं. तारेचं, बोलण्याचं, तिन्ही वेळा दारात आल्याचं. हे म्हणाले, "तिलाही तार बसव म्हणालो होतो ना मी."

२२ डिसेंबर

वायरमन भेटायला आला. रुमालात गुंडाळून पांढरा ठोकळा आणला होता. माझ्यासमोर बाकावर उघडला.

बोर्ड राख झालाय. भिंतीतली वायर बोर्डापासून जोडापर्यंत गेली. पलंग, पडदा, सासूबाईंचं कपाट, सगळं गेलं. ठोकळ्याला नुसती काजळी लागली आहे, आणि आत माझी वेणी. तिन्ही पेड जागच्या जागी. एकही तुटलेला नाही.

मला वाटलं, आता हा ओरडेल. मी वाट बघत होते. तो म्हणाला, "वेणी सुबक घातलीत, वहिनी." आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

२५ डिसेंबर

सासूबाई शुद्धीवर आहेत. बघतात. पाणी पितात. बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, घसा आता बोलण्याइतका बरा आहे. म्हणजे घशाचा प्रश्न नाही.

मी रोज विनवते. "आई, बोला काहीतरी. मला शिव्या द्या. दूध पातळ आहे म्हणा. तुमचा शब्द मी परत घेते, मीच द्यायला लावला होता, मीच घेते." त्या छताकडे बघतात.

आज सकाळी केस विंचरू दिले. मागून बरेच जळलेत. जेवढे आहेत तेवढ्यांची वेणी घातली. मध्येच सोडून पुन्हा घातली.

२७ डिसेंबर

दुपारची वेळ, वॉर्ड झोपलेला. मी खुर्चीत होते. आधी वाटलं, बाजूच्या पलंगावरून आवाज आला. घोगरा, ओळखू न येणारा.

"वास येतोय."

मी दचकून बघितलं. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. पुन्हा म्हणाल्या, "वास येतोय गं."

मला काहीच येत नव्हता. माझं नाक त्या धुरानंतर मेल्यात जमा आहे. पण मी उठले. पहिला स्विच, दुसरा, प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी वाकून भिंतीला तळहात लावत गेले. पेशंट उठून बघायला लागले. कोणी हसलं. दाराजवळ कोपऱ्यात पाणी तापवायची मोठी किटली असते, दिवसभर चालू. तिच्या पिनेला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. प्लास्टिक मऊ झालं होतं.

सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, तिथे येतो थोडा मासळीसारखा वास. आम्हाला सवय झाली आहे. इथला वायरमन नंतर येणार आहे."

मी किटलीचं बटण बंद केलं, पदराने धरून पिन ओढून काढली. सिस्टर ओरडल्या, कोणाला विचारून हात लावलात म्हणून. ओरडू देत. मी ती पिन हातात धरून तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, वायरमन आत्ता येईल, तोवर कोणी पुन्हा लावणार नाही.

तो आला, त्याने पिन बघितली आणि पळतच बोर्डाकडे गेला. तेव्हा मी परत येऊन खुर्चीत बसले.

सासूबाईंनी डोळे मिटले होते. मी म्हटलं, "होता हो, आई. खरंच होता."

"मी म्हटलंच होतं," त्या म्हणाल्या.